लहानग्यांसह दोन दिवसांची मुंबई

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. मुक्काम दादरला, मंगळवार-बुधवार हातात आहेत. राणीची बाग, घारापुरी, गेटवे, नेहरू विज्ञान केंद्र सगळं जमेल का?

उत्तर : घारापुरी या खेपेला सोडाच. गेटवेपासून बोटीत जाऊन-येऊन दोन तास, वर लेणीपर्यंत शंभरहून जास्त पायऱ्या. तीन वर्षांचं मूल निम्म्या वाटेत कडेवर येतं आणि उन्हात आईबाबांचाच घाम निघतो.

राणीची बाग मंगळवारीच उरका, बुधवारी ती बंद असते. मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरा, पूर्वेला बाहेर पडा. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलला मरणाची गर्दी असते, तेव्हा टॅक्सीच बरी. आत शिरल्यावर आधी पेंग्विन पाहा. दुपारी तिथली रांग वाढते आणि मुलं पेंगुळतात. जेवून दोन तास झोप. ही झोप चुकली की संध्याकाळ रडारडीत जाते. ऊन उतरल्यावर शिवाजी पार्क पुरे.

बुधवारी सकाळी वरळीचं विज्ञान केंद्र, संध्याकाळी टॅक्सीने गेटवे. परतीची लोकल चर्चगेटहून धरा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे एखादी सोडली तर पुढचीत बसायला मिळतं. मुलाला तिकीट नाही, मुलीला अर्धं. दोघांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी घालाच.