लिंकनने रेल्वेच्या बदल्यात राजधानी पळवली का?

तुमचा प्रश्न असा, की १८३७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची राजधानी स्प्रिंगफिल्डला नेण्यासाठी लिंकनने आमदारांना 'तुमच्या गावाला रेल्वे देतो, आमच्या गावाला मत द्या' असा सौदा केला, हे खरं का? गोष्ट ऐकायला झकास आहे. मीही बरीच वर्षं ती खरी मानत होतो. मतांची नोंद पाहिल्यावर डळमळलो.

आधी त्या विधिमंडळाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. डिसेंबर १८३६. राजधानी व्हँडेलिया, म्हणजे एक छोटंसं गाव. राजधानी हातची जाईल या धास्तीने गावकऱ्यांनी त्याच वर्षी घाईघाईने नवं सभागृह उभारलेलं. अधिवेशन सुरू झालं तेव्हा भिंतींचा गिलावाही धड वाळला नव्हता. तिथे सँगमन काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे, स्प्रिंगफिल्ड याच जिल्ह्यात) नऊ जण आले, दोन सिनेटर आणि सात प्रतिनिधी. नवांची सरासरी उंची सहा फूट, म्हणून नाव पडलं 'लाँग नाइन', म्हणजे उंच नऊ जण. त्यांत सत्तावीस वर्षांचा लिंकन, आमदारकीची दुसरी खेप. पलीकडच्या बाकांवर तेवीस वर्षांचा स्टीफन डग्लस. पुढे हेच दोघे निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहणार आहेत, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

आता रेल्वेची खिरापत. २७ फेब्रुवारी १८३७ च्या कायद्याने राज्याने रेल्वे, नद्या आणि रस्ते यांसाठी सुमारे १ कोटी डॉलरचा बेत आखला. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्याही आत! ज्या काउंट्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, त्यांची समजूत काढायला रोख २ लाख डॉलर ठेवले. त्यावर कडी म्हणजे सगळ्या मार्गांचं काम एकाच वेळी, दोन्ही टोकांकडून आणि नद्यांच्या ओलांडणीपाशीही सुरू करायचं. कुणी मागे राहायला नको ना! गव्हर्नर जोसेफ डंकन आणि न्यायाधीशांच्या पुनर्विचार मंडळाने विरोध केला, पण सभागृहाने तो उडवून लावला. ऋण काढून सण, दुसरं काय. त्याच वर्षी मंदी आली, १८४१ मध्ये राज्याला व्याजही भरता येईना, आणि हे कर्ज फिटेपर्यंत १८८० चं दशक उजाडलं. यात लिंकनचा हात निश्चित होता, तो या योजनेचा खंदा पाठीराखा. सौद्याचा आरोप बाजूला ठेवला, तरी हा ठपका त्याच्यावर उरतोच.

राजधानीचं विधेयक मात्र सुखासुखी पुढे सरकलं नाही. फेब्रुवारीच्या मध्यात प्रतिनिधीगृहाने ते जेमतेम एका मताने बाजूला ठेवलं. त्या रात्री लिंकनने आपल्या माणसांना गैरहजर सदस्यांना गाठायला धाडलं. दुसऱ्या दिवशी विधेयक पुन्हा जिवंत झालं. माझ्या मते लिंकनचं खरं कसब या एका रात्रीत दिसतं. २८ फेब्रुवारीला दोन्ही सभागृहांच्या एकत्र मतदानात स्प्रिंगफिल्डला पहिल्या फेरीत ३५ मतं पडली, मग ४३, मग ५३, आणि चौथ्या फेरीत ७३. व्हँडेलिया तेव्हा कितीतरी मागे. स्प्रिंगफिल्डकरांनी ५० हजार डॉलर आणि दोन एकर जागा द्यायची, अशी अटही होती.

तर सौदा? आरोप मुख्यतः विरोधकांनी केला, आणि पुढे गव्हर्नर झालेल्या थॉमस फोर्ड यांनी आपल्या इलिनॉयच्या इतिहासात तो मांडल्यामुळे तो पक्का झाला. पण १९६० च्या दशकात इलिनॉयचेच आमदार पॉल सायमन (पुढे सिनेटर झाले) यांनी एकेक मत तपासलं, तेव्हा रेल्वेची मतं आणि राजधानीची मतं यांचा मेळ बसेना. खुद्द हे नऊ जणही रेल्वेच्या प्रत्येक मताला एकदिलाने उभे नव्हते. शिवाय राज्याची वस्ती उत्तरेकडे सरकत होती आणि व्हँडेलिया दक्षिणेकडे पडत होतं. किरकोळ देवाणघेवाण झालीच नाही असं मी म्हणणार नाही, विधिमंडळं तशीच चालतात. पण कटाचा पुरावा नाही.

अधिवेशनातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जानेवारीत गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव प्रतिनिधीगृहात ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या सहांत लिंकन. मग राजधानीचं काम फत्ते झाल्यावर, ३ मार्चला, त्याने लेखी निषेध नोंदवला: गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे. त्याच दमात, गुलामगिरी रद्द करण्याच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम उलट वाढतात, असंही लिहून ठेवलं. आजच्या नजरेला हे मिळमिळीत वाटेल. त्या कागदावर दोनच सह्या आहेत. एक डॅन स्टोनची, तो न्यायाधीश होऊन राजकारणातून बाहेर पडणार होता. दुसरी लिंकनची, आणि त्याला पुढच्याच वर्षी पुन्हा मतं मागायची होती.