जुन्या इंजिनाला टर्बो बसवावा का?

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला टर्बोचार्जर नाही. तो नंतर बसवल्यास इंजिनाला धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, आणि तो प्रामुख्याने कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण दाबले जाण्याचा आहे. अशा इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर बहुधा १०:१ च्या आसपास असते, म्हणजे मिश्रण सुमारे एक दशांश जागेत दाबले जाते; त्यात टर्बोने ०.४ बार जादा दाबाने हवा कोंबली, की ठिणगीनंतर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू शकते, धातूवर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो आणि हे चालू राहिल्यास पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात. म्हणून इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग), इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) नवे ट्यूनिंग यांत काटकसर करू नये. टर्बोच्या बेअरिंगला तेलाचा अखंड पुरवठाही हवा. टर्बो बसवण्याआधी मात्र प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाचेही कमी भरले, तर माझ्या मते आधी इंजिनच दुरुस्त करावे.