लॅपटॉप टाकीवर, नॉमिनी मागच्या सीटवर

एका वाचकांचं पत्र आहे. वय ३८, मोटरसायकलवरून लांब लांब फिरण्याचा नाद. फोनचा स्क्रीन लहान पडतो, म्हणून पेट्रोलच्या टाकीवरच्या बॅगेत दणकट लॅपटॉप बसवून त्यावर नकाशा चालवायचा आहे. लॅपटॉप, यूएसबी रिसीव्हर, इन्व्हर्टर, वाढीव वॉरंटी आणि विक्रेत्याने सुचवलेलं वर्षाचं ‘सॅटेलाइट सबस्क्रिप्शन’ अशी यादी आहे. प्रश्न एवढाच की पैसे हप्त्यांवर उभे करू की विमा पॉलिसीवर कर्ज काढू? जाता जाता लिहितात, ‘विमा भरपूर आहे, मिसेसही मागे बसतात, त्यामुळे टूर अगदी बिनधास्त होतात.’

त्यांचे आकडे उघड करत नाही. हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरू, बाकी सगळं त्या मापात. लॅपटॉपची यादी ३२०, म्हणजे तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त.

लॅपटॉपचं आधी उरकतो. घेऊ नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये उपग्रहाचा रिसीव्हर नसतोच. आजूबाजूच्या वाय-फायवरून ते जागेचा अंदाज बांधतात, आणि सुनसान रस्त्यावर वाय-फाय कुठून येणार? यूएसबी रिसीव्हर लावला की तेवढं भागतं, पण बाकीचं तसंच राहतं. साधा स्क्रीन उन्हात आरसा होतो. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पंख्याला हवा मिळत नाही. फोन काही वॅटवर चालतो, याला ५०-६० वॅट लागतात, वर इन्व्हर्टरची गळती. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद टाकीकडे पाहिलंत तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि टाकीवरचा स्क्रीन बघायला मान पूर्ण खाली घालावी लागते.

आणि ते सबस्क्रिप्शन! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात, रिसीव्हर फक्त ऐकतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की जागा कळते. ऐकण्याचं बिल कुणी पाठवत नाही. नकाशा किंवा ट्रॅफिकची माहिती विकत असतील तर तसं नाव सांगून विकावी. वाढीव वॉरंटीच्या कागदातही ‘कंपनाने किंवा पाण्याने झालेलं नुकसान’ शोधा. बहुधा ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडेल, आणि मोटरसायकलवर तर तेवढंच व्हायचं असतं.

घरातला जुना फोन घ्या, ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे ऑफलाइन उतरवा, हँडलला कंपन शोषणारा माउंट लावा. कंपन शोषणारा मुद्दाम म्हणतोय. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये दिला होता. मोठा स्क्रीन हवाच असेल तर रात्री मुक्कामी घरचा लॅपटॉप उघडा, उद्याचा मार्ग आखा आणि फाइल फोनमध्ये टाका. सगळं मिळून खर्च १५-२०.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. ‘विमा भरपूर आहे’ हे वाचून मी पॉलिसीचा तपशील दोनदा पाहिला. वर्षाचा हप्ता १५०, मुदत २० वर्षं, सहा हप्ते भरून झाले, विमा १,५००. म्हणजे पंधरा महिन्यांचा पगार. घराचं कर्ज बाकी आहे २,५००. उद्या तुमचं काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेत भरूनही १,००० कर्ज उरतं, आणि मग दोन मुलं, त्यांची आजी आणि शून्य उत्पन्न. याला भरपूर कोण म्हणालं? ज्याला कमिशन मिळालं तोच म्हणाला असणार.

त्या एजंटने ‘२० वर्षांत दुप्पट’ असंही सांगितलंय. ३,००० भरून ६,००० मिळाले तर परतावा वर्षाला ६ टक्क्यांच्या जरा वर. त्यातली खात्रीची रक्कम फक्त ३,९००, म्हणजे अडीच टक्के. उरलेला बोनस, जाहीर झाला तर. आणि अशा पैशावर तुम्ही १० टक्क्यांनी कर्ज काढणार. ‘पैसे आपलेच’ म्हणता, मग व्याज कुणाचं? ‘मुदत संपताना वळतं करून घेतील’ म्हणता, तर चौदा वर्षांत ३२० चे साधारण १,२०० होतात. तोवर लॅपटॉप भंगारातही उरलेला नसेल. शिवाय मधेच काही झालं तर फेडायचं राहिलेलं कर्ज विम्यातून कापतात.

पॉलिसी आज मोडली तर ५४० मिळतात, भरलेत ९००. पोटात कळ येईल, येऊ द्या. ते ५४० आणि पुढचे हप्ते ९ टक्क्यांच्या गृहकर्जात गेले तर चौदा वर्षांत एजंटच्या ६,००० इतकंच काम होतं, आणि तेही त्याचं स्वप्न पूर्ण खरं झालं असं धरून. खात्रीच्या ३,९०० शी तुलनाच नको.

पण घाईने मोडू नका. आधी १२,००० ची साधी टर्म पॉलिसी घ्या (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे, एरवी काही परत नाही), म्हणजे दहा वर्षांचा पगार. हप्ता २५ च्या आसपास धरा. अर्जात मोटरसायकलचा छंद आणि सिगारेट खरं लिहा. पॉलिसी हातात पडली की मगच जुनी मोडा. ५४० गृहकर्जात, आणि दरवर्षी उरणारे १२५ सुद्धा तिथेच. पंधरा वर्षांचं कर्ज साधारण सहा वर्षांत संपेल. चार महिन्यांच्या खर्चाची मुदत ठेव मोडायची नाही असं लिहिलंय, तेवढं एक शहाणपण तसंच ठेवा. अपघात विमा वेगळा घेणार असाल तर मोटरसायकलच्या सीसीची अट वाचा. काहींत मोठ्या गाड्या वगळलेल्या असतात.

राहिली नॉमिनी. पत्नी. त्याच गाडीवर, तुमच्या पाठीमागे. पैसे ज्यांच्या हाती पडायचे त्या तुमच्यासोबतच घाटात असतात. मुलं ११ आणि ७ वर्षांची; त्यांच्या नावचे पैसे कोण सांभाळणार हे कुठेच लिहिलेलं नाही. नव्या पॉलिसीत नॉमिनी आणि अल्पवयीन मुलांच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती भरा, साधं मृत्युपत्र करा, त्यात मुलांचे पालक कोण ते घाला. आजींचं वय पत्रात ७४ आहे, तेव्हा दुसरं नावही लागेल. ते नाव कुणाचं, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. पुढच्या टूरच्या आधी.