पुण्यात सात महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर : 5 हजार आणि 18 हजार यांत फरक कशाचा?

तुम्ही लिहिलंय की वाकडला राहता, मुलगी सात महिन्यांची आहे, रजा पुढच्या महिन्यात संपतेय आणि फोन केलेल्या पाळणाघरांचे भाव 5 हजारांपासून 18 हजारांपर्यंत आहेत. हा फरक कशाचा, आणि सरकारी काही सोय आहे का, हे तुमचे दोन प्रश्न. माझ्या आईनं कोथरूडला आमच्याच घरात बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, आणि आता माझा मुलगा दुसऱ्यांच्या पाळणाघरात जातो. दोन्ही बाजू पाहिल्यात, त्या जोरावर सांगतो.

आधी पैशांचं. समजा दहा मुलं आहेत आणि दोन मावशी. तुमच्या भागात मावशीला बारा-तेरा हजारांपेक्षा कमी दिले तर ती टिकत नाही, कारण आजूबाजूच्या सोसायट्यांत चार घरची कामं धरली तरी तेवढे सुटतात. जागा भाड्याची असेल तर वीसेक हजार तिकडे. वर वीज, गॅस, दूध, साबण-फिनेल. खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला आणि चालवणाऱ्या बाईंच्या हाती अजून एक रुपयाही पडलेला नाही. आता भाड्याच्या जागेत कुणी 5 हजारांत दिवसभर सांभाळतो म्हणालं, तर एक तर मुलं दहा नसून वीस आहेत, नाहीतर मावशी एकच आहे, नाहीतर तिला इतकं कमी देतात की ती दिवाळीचा बोनस घेऊन जाणार.

हेच 5-6 हजार एखाद्या काकूंनी स्वतःच्या घरात घेतले तर मात्र गणित जमतं. भाडं नाही, आणि दोनातल्या एक मावशी त्या स्वतःच. आईचं असंच होतं. तेव्हा भाव कमी दिसला की नाक मुरडू नका, कमी कशामुळे आहे ते विचारा. 18 हजारांत फ्रँचायझीची फी, रस्त्यालगतच्या जागेचं भाडं, एसी, भिंतीवरची कार्टून्स आणि दिवसातून चार फोटो पाठवणारं अ‍ॅप एवढं सगळं येतं. मुलीला प्रत्यक्ष कडेवर घेणाऱ्या बाईचा पगार माझ्या पाहण्यात तिथेही फारसा वेगळा नसतो.

आणि सात महिन्यांच्या बाळाला तीच बाई लागते. या वयात मूल माणूस ओळखायला लागतं, नव्या चेहऱ्याला भोकाड पसरतं. दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असेल तर बाळाचं प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू. म्हणून पाळणाघर बघायला गेलात की संचालिकेशी कमी आणि मावशींशी जास्त बोला. 'किती दिवस झाले इथे?' हा साधा प्रश्न. उत्तर वर्षांत आलं तर खुर्ची ओढून बसा.

मग मुलं मोजा. केंद्र सरकारनं 2018 साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी, असं प्रमाण दिलंय. माझ्या मते रांगत्या बाळांसाठी दहा फारच झाले. आई रांगणारी दोनच बाळं घ्यायची. तिसऱ्यासाठी कुणी कितीही गळ घातली तरी आधीचं चालायला लागल्यावर या म्हणायची. तुम्ही चार-पाच बाळांमागे एक बाई एवढं तरी बघा. आणि हे मोजायला दुपारी साडेबारा-एकला जा, न सांगता. भरवणं, शी-शू आणि झोपवणं एकदम येतं ती हीच वेळ. सकाळी दहाला सगळीच पाळणाघरं गोड दिसतात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर असावा, पण त्यावर विसंबू नका. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात आयानं दहा महिन्यांच्या मुलीला मारल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. तिथे सीसीटीव्ही होता. बाळाच्या अंगावरच्या खुणा आईवडिलांना दिसल्यानंतर चित्रण तपासलं गेलं. त्याऐवजी, आईवडिलांना कुठल्याही वेळी आत येऊ देतात का, ते पाहा. 'मुलं डिस्टर्ब होतात' म्हणून दारातूनच परत पाठवणारं पाळणाघर मी तरी यादीतून काढून टाकेन.

आता सरकारी सोय. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या आल्या. पण तिथे बसतात ती तीन ते सहा वयाची मुलं, तीही काही तासच. सहा महिने ते तीन वर्षं या वयाला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लसीकरणाची नोंद राहते. नाव जरूर घाला, पण नोकरीचे नऊ तास त्यातून निघणार नाहीत. 2022 पासून केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमाखाली 'पाळणा' योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात आणि सहा महिन्यांपासूनची मुलं घेतात. तुमच्याजवळ असं केंद्र आहे का ते अंगणवाडी सेविकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. नसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. कायद्यानं रजा 26 आठवडे, अंगणवाडीत बसवायचं वय तीन वर्षं; मधली अडीच वर्षं ज्याची त्यानं निभवायची.

तुमच्या हातात असलेला खरा पत्ता म्हणजे कंपनी. प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. या 50 मध्ये पुरुषही धरायचे, नुसत्या पन्नास बायका नव्हेत. एचआरमधल्या मंडळींनाही हे कधीकधी सांगावं लागतं. कार्यालयात जागा नसेल तर बऱ्याच कंपन्या जवळच्या पाळणाघराशी करार करतात किंवा फीचा काही भाग उचलतात. मेल करून लेखी विचारा. आणि नवऱ्यालाही त्याच्या कंपनीत विचारायला सांगा. पाळणाघर शोधणं हे काम कसं कोण जाणे आपोआप आईच्याच गळ्यात पडतं.

ऑफिसजवळ की घराजवळ? अंगावर पाजत असाल आणि कंपनीचं पाळणाघर आवारातच असेल तर ऑफिस. एरवी घराजवळ, चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये भुकेलं बाळ घेऊन अडकण्याची कल्पना करून बघा. शिवाय तुम्हाला उशीर झाला तर शेजारच्या आजी तिला घेऊन येऊ शकतात.

थोडं विषयांतर. तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या बांधकामांवरच्या बायकांची मुलं कुठे असतात? 50 पेक्षा जास्त स्त्री मजूर असतील तर साइटवर पाळणाघर हवं, असं 1996 चा कायदा सांगायचा; 2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामांवर असं काम करते, पण इमारती किती आणि संस्था किती! आणि आपली मुलं सांभाळणाऱ्या मावशी स्वतःचं धाकटं मोठ्या मुलीच्या जिवावर घरी ठेवून येतात. आईकडच्या मावशी आपलं मूल सोबत आणायच्या, तेही बाकीच्यांत वाढलं. अशी मुभा देणारं पाळणाघर सापडलं तर तिथली मावशी टिकलेली असण्याची शक्यता जास्त.

पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या: मे महिन्यात गावी गेलात तर फी पूर्ण की अर्धी, अनामत रक्कम परत मिळते का, उशिराचे तासाला किती, ताप असताना घेतात का. शेवटच्याचं उत्तर 'नाही' असायला हवं, पण मग त्या दिवशी सुट्टी कोण टाकणार ते दोघांनी आधीच ठरवा, कारण सुरुवातीचे काही महिने सर्दी-ताप येतच राहतो. रजा संपायची वाट न बघता पंधरा दिवस आधी सुरू करा: पहिले दोन-तीन दिवस तासभर, तुम्ही तिथेच बसून, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. घरचं वापरलेलं दुपटं सोबत द्या, धुतलेलं नको.