एमएस्सी फिजिक्सनंतर भारतातच खगोलशास्त्रात करिअर आणि ओळख मिळू शकते का?

हो, मिळू शकते. पण संशोधक म्हणून कायमची जागा हवी असेल तर पीएचडीला पर्याय नाही, हे आधीच पक्कं करा. पुण्यात आयुका आणि एनसीआरए, बंगळुरूला आयआयए, नैनितालला एरीज या त्यासाठीच्या प्रमुख संस्था.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि निरीक्षणाचा वेळ प्रस्ताव तपासून दिला जातो. म्हणजे नाव मोठं नसलं तरी प्रश्न चांगला हवा! जगभरातले खगोलशास्त्रज्ञ याच दुर्बिणीसाठी अर्ज करतात, त्यामुळे इथलं काम बाहेरही वाचलं जातं.

ओळखीसाठी ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाचं (स्थापना १९७२) वार्षिक अधिवेशन चुकवू नका. पोस्टर घेऊन जा, उभे राहा, लोकांना प्रश्न विचारू द्या. पुढचे मार्गदर्शक आणि सहकारी अशाच गप्पांतून भेटतात. उत्तम प्रबंधाला संस्था जस्टिस ओक पुरस्कार देते.

कॉलेजात शिकवणार असाल तरी संशोधन सोडू नका. आयुकाची असोसिएट योजना (आयुकात येऊन संशोधन करण्याची सोय) विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.