वर्गणी भरलेल्या सदस्याला ग्रुपमधून काढलं, तर पैसे परत द्यावे लागतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: वार्षिक वर्गणी घेऊन ऑनलाइन ग्रुप चालवता, काही जण नियम धाब्यावर बसवतात आणि बोललं की "आम्ही पैसे भरलेत" म्हणून अंगावर येतात. त्यांना काढता येईल का, आणि वर्गणीचं काय?

काढता येतं. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा आणि त्याच दिवशी काढा. 'वर्गणी परत मिळणार नाही' असं नियमांत लिहून ठेवलं असेल, तरी परत करा.

मी नागपुरातून संत्रा बागायतदारांचा असाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतो. काटोल, नरखेड, कळमेश्वरचे शेतकरी जास्त, थोडे वरुड-मोर्शीकडचे. वर्षाला 1200 रुपये. आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्याचा) ताण, म्हणजे फूट येण्यासाठी झाडाचं बंद ठेवलेलं पाणी, कधी तोडायचा, खोडावर डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) दिसला तर काय करायचं, पावसाळ्यातली फळगळ कशी आवरायची, असा सगळा मामला. सात महिन्यांनी कोणाला काढलं तर 500 रुपये परत जातात. ते 500 रुपये अडवून धरले, तर तो माणूस पुढचं वर्षभर कळमना मार्केटमध्ये माझ्या नावाने बोंबा मारत फिरेल. त्यापेक्षा हा सौदा फार स्वस्त आहे राजेहो.

कायद्याच्या बाजूनेही हेच बरं. वाजवी कारण नसताना एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' या व्याख्येत येते. म्हणजे "अ‍ॅडमिन केव्हाही, कुणालाही काढेल" एवढं लिहून भागत नाही. कारण हवं, आणि ते पैसे घेण्याआधी समोरच्याला माहीत हवं. मी वर्गणीचा क्यूआर कोड पाठवण्याआधी नियम पाठवतो आणि "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय कोड देत नाही. पुढे भांडण झालं तर तो एक शब्द फार कामी येतो.

आता काढायचं कोणाला, हे ठरवणं. माझ्याकडे सगळ्यात मोठा ताप विकणाऱ्यांचा. शेतकरी म्हणून वर्गणी भरायची, गुपचूप बसायचं, आणि कोणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला की त्याला खासगीत मेसेज: "भाऊ, आपल्याकडचं टॉनिक मारा, आठ दिवसांत फरक." त्याच्यासाठी 1200 रुपये ही वर्गणी नसतेच, गिऱ्हाइकांच्या यादीची किंमत असते. अशाला दुसरी संधी नाही. दोन वेगवेगळ्या सदस्यांकडून स्क्रीनशॉट आले की विषय संपला. एकाच स्क्रीनशॉटवर मात्र मी काढत नाही, कारण दोन दुकानदारांचं आपसातलं वैरही माझ्या दारात येऊन पडतं. मुळावर इलाज हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना अनोळखी सदस्यांचे नंबर दिसत नाहीत.

सल्ला बाहेर फुकट वाटणारा पकडणं अवघड. प्रत्येक गावच्या सदस्यांना किंचित वेगळ्या शब्दांतलं वेळापत्रक पाठवलं, तर कोणतं बाहेर गेलं ते कळतं. फक्त फरक शब्दांत ठेवा, औषधाच्या मात्रेत कधीही नाही. चोर सापडेल न सापडेल, एखाद्याची बाग जायची.

निवडणुकीच्या दिवसांत पेटणाऱ्यांना काढायची गरज बहुतेक पडत नाही. अ‍ॅडमिनला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर रात्रभर 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' करून ठेवा. सकाळी लोक बागेत गेलेले असतात.

आणि जो तुमच्याच सल्ल्यावर बोट ठेवतो, तो नियम मोडत नाही. "तुम्ही सांगितलं तसा ताण दिला, तरी फूट आली नाही" असं म्हणणाऱ्याला काढलंत, तर उरलेले सगळे पुढे खोटं बोलायला लागतील. मग ग्रुप कशासाठी चालवायचा?

काढताना आधी फोन. अहोजाहो करूनच बोलायचं, कारण इकडे कोण कोणाचा सोयरा निघेल सांगता येत नाही. फोनवर वाद घालायचा नाही. "भाऊ, खासगीत विक्री करायची नाही हा नियम तुम्हाला ठाऊक होता. उरलेले पैसे आता पाठवतो आणि तुम्हाला काढतो." त्यानंतर यूपीआयने पैसे, आणि शेऱ्यात 'उरलेली वर्गणी परत'. वर्गणी ऑटोपेने कापली जात असेल तर ते आधी बंद करा. बाहेर काढलेल्याच्या खात्यातून पुढच्या महिन्यात पैसे गेले, तर चूक तुमची ठरते आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर त्याच्याकडेही असतो. मग ग्रुपमधून काढा, निमंत्रणाची लिंक बदला, ड्राइव्हच्या फोल्डरमधून त्याचा ईमेल काढा. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलेले व्हिडिओ लिंक असलेल्या कोणालाही दिसतात, म्हणून रेकॉर्डिंग तिथे ठेवूच नका.

काढल्याची ओळ ग्रुपमध्ये दिसतेच. त्यावर "विक्रीच्या नियमावरून एका सदस्याची वर्गणी परत केली आहे" एवढंच लिहा. नाव, स्क्रीनशॉट, टोमणे काही नको. त्यातून बदनामीचा खटला ओढवतो आणि हाती काही लागत नाही.

काही अ‍ॅडमिन घाबरतात की सदस्याला काढलं नाही तर पोलीस आपल्याला धरतील. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे की समान हेतू किंवा आधी ठरलेला कट दिसल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे त्या धास्तीपोटी दिसेल त्याला काढत सुटू नका. वर्गणी भरून गप्प बसलेल्या बाकीच्यांना त्या माणसाचा त्रास होतोय का, एवढंच बघा.

काढलेले परत येऊ का विचारतात. भांडखोरांना मी पुढच्या बहाराला नवी वर्गणी घेऊन घेतो. विकणाऱ्यांना नाही.