व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा, हे बायबलमध्ये कुठं शोधायचं?

प्रश्न : नमस्कार सर, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एथिक्सच्या लेक्चरला 'ख्रिस्ती बायोएथिक्स', म्हणजे उपचारातले नीतीचे प्रश्न ख्रिस्ती नजरेनं बघणं, हा टॉपिक झाला आणि खरं सांगते, डोक्यावरून गेला. व्हेंटिलेटर, डायलिसिस, ट्रान्सप्लांट यातलं काहीच बायबलमध्ये नाही, मग उत्तर काढतात कुठून? आणि डॉक्टर, वकील, फिलॉसॉफीवाले, पाद्री एवढी सगळी मंडळी एकाच विषयात कशाला?

उत्तर : बरं झालं विचारलंत, कारण कुठंतरी एक वचन असेल, ते काढून वाचलं की झालं, असं चर्चला नियमित जाणाऱ्यांनाही वाटत असतं. तसं नसतं हो. जीव ही देवाची देणगी आहे, आजाऱ्याला टाकू नका, हे वचन सांगेल, पण समोरच्या पेशंटची किडनी परत चालू होणार की नाही हे डॉक्टरच सांगणार, आणि ते कळेपर्यंत नीतीचा प्रश्न नेमका काय आहे हेच ठरत नाही.

एक जुनं उदाहरण देतो, माझं फार आवडतं. सोळाव्या शतकात स्पेनमधले धर्मपंडित यावर डोकं चालवत होते की जगण्यासाठी आजारी माणसानं काय काय करायलाच हवं. डोमिंगो बान्येझ यांनी १५९५ च्या सुमारास 'साधारण' आणि 'असाधारण' उपाय असे शब्द वापरले, साधारण उपाय घ्यायचेच, असाधारण नाकारले तर ते पाप नाही. असाधारणचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पाय कापणं, कारण तेव्हा भूल नव्हती आणि तसल्या यातना सोसायची सक्ती कुणावर करता येत नाही असं त्यांचं म्हणणं. मग १८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि तेच ऑपरेशन हळूहळू साधारणच्या बाजूला सरकलं. तत्त्व तेच राहिलं, उत्तर मात्र फिरलं, आणि ते फिरवलं भूल देणाऱ्यांनी! तुमचा दुसरा प्रश्न, इतकी माणसं कशाला, त्याचं अर्धं उत्तर इथंच आलं.

व्हेंटिलेटरवर तर थेट सवाल-जवाबच झालेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी पोप पायस बारावे यांच्यापुढे प्रश्न मांडले, पेशंट खोल बेशुद्ध आहे, आशा नाही, मशीन काढलं तर चालेल का? २४ नोव्हेंबर १९५७ ला पोपनी भूलतज्ज्ञांपुढे भाषण केलं आणि सांगितलं की बंधन फक्त साधारण उपायांचं आहे, म्हणजे माणूस, जागा, काळ बघून जे स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार टाकत नाहीत ते. आणि माणूस मेला नक्की कधी, हे धर्मतत्त्वांवरून काढता येत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं, चर्चच्या अखत्यारीत नाही. पोप स्वतः म्हणतात हे आमचं काम नाही! मला ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं होतं.

वकील कुठून आले म्हणाल, तर १९७५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कॅरेन क्विनलन ही २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली ती परत शुद्धीवर आलीच नाही, आईवडील कॅथलिक, त्यांनी आपल्या पाद्रींशी बोलून व्हेंटिलेटर काढायला सांगितलं, डॉक्टर नाही म्हणाले, प्रकरण कोर्टात गेलं. मार्च १९७६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं वडिलांच्या बाजूनं निकाल दिला, निकालात पोपचं ते १९५७ चं भाषणही आलंय, आणि अशा वेळी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीचं मत घ्या असंही कोर्टानं म्हटलं. पुढं काय झालं ते बघा. मशीन हळूहळू काढलं तर ती स्वतः श्वास घ्यायला लागली आणि १९८५ पर्यंत जगली. नळीनं अन्न चालू होतं, ते बंद करा असं आईवडील कधीच म्हणाले नाहीत. मशीन काढणं म्हणजे मारणं नव्हे, हा फरक मला तरी कुठल्याही व्याख्येपेक्षा या केसवरून जास्त कळला.

प्रश्न : मग नळीतून दिलेलं अन्न साधारण की असाधारण?

उत्तर : इथं आपसातच वाद आहे. पोप जॉन पॉल दुसरे २००४ मध्ये डॉक्टरांपुढंच बोलताना म्हणाले की दीर्घकाळ बेशुद्ध पेशंटचं अन्नपाणी ही तत्त्वतः साधारण काळजीच आहे, ट्रीटमेंट नाही. ते 'तत्त्वतः' महत्त्वाचं, कारण शरीर अन्न पचवतच नसेल किंवा त्यानंच त्रास वाढत असेल तर गोष्ट वेगळी. आणि ते कोण सांगणार? तुम्हीच, मॅडम. पोट फुगलंय, अन्न परत येतंय, हे आधी नर्सला दिसतं, कमिटीला फाइलमधून दिसत नाही.

प्रश्न : सगळे ख्रिस्ती एकाच मताचे असतात का?

उत्तर : छे! आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घ्या, कॅथलिक चर्चनं १९८७ मध्ये नवराबायकोसाठीसुद्धा नको म्हटलं, तर बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चना नवराबायकोपुरतं ते चालतं. आणि गंमत म्हणजे 'बायो-एथिक' हा शब्द १९२७ मध्ये जर्मनीतल्या हाले गावच्या फ्रिट्झ यार या प्रोटेस्टंट पाद्रींनी लिहिला, आणि त्यांचा सगळा जोर होता झाडं आणि जनावरांकडेही कर्तव्याच्या नजरेनं बघा यावर, हॉस्पिटल त्यात नव्हतंच म्हटलं तरी चालेल.

प्रश्न : मला पुढं हेच शिकायचं असेल तर थिऑलॉजीला, म्हणजे धर्मशास्त्राला जाऊ का?

उत्तर : आधी वॉर्ड. लंडनच्या सिसिली साँडर्स बघा, आधी नर्स, पाठीच्या दुखण्यानं ते सुटलं तर हॉस्पिटलमध्ये समाजसेविका, मग पस्तिशी ओलांडल्यावर डॉक्टर, आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या दारातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, सुरू केलं. बाई श्रद्धाळू ख्रिस्ती, पण मरणाऱ्याची वेदना कमी करायला नुसती प्रार्थना करत बसल्या नाहीत, मॉर्फिन दुखायला लागल्यावर न देता घड्याळ लावून द्यायचं हे त्यांनी नोंदी ठेवून दाखवलं. अंगाचं दुखणं, मनाचं, घरच्यांची काळजी, देवाबद्दलचे प्रश्न, या सगळ्याला मिळून त्या 'टोटल पेन' म्हणायच्या. तेव्हा दोन-तीन वर्षं आयसीयू किंवा कॅन्सर वॉर्डला काढा, जिथं अडलात ते वहीत लिहून ठेवा, आणि मग ती वही घेऊन थिऑलॉजीच्या वर्गात बसा.